मांडव उठेपर्यंत

चांगुणाकाकीने मला पहिली हाक मारली ती भांडायलाच.

"ए बिल्डिंगवाली! वरशी काय वरडतंस? खाली ये नं, खाली!"

मी ओरडत होते हे खरं. भाईंदरला नवघरच्या मागच्या अंगाला आमची बिल्डिंग नुकतीच उभी राहिली होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीखालीच आगऱ्यांचा जुना पाडा. पाड्यात कुणाची तरी हळद होती, स्पीकरची भिंत लावलेली, आणि माझ्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. माझं डोकं फिरलं की मी कुणाच्या बापाला भीत नाही. तशीच चपला अडकवून खाली उतरले.

समोर एक ठेंगणी, काळीसावळी बाई. घोट्याच्या वर खोचलेलं लुगडं, गालात तंबाखूची गोळी, दोन्ही हात कमरेवर. मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या दंडाला धरून मला पंगतीत बसवलं. पुढ्यात मटण आणि तांदळाची भाकरी. "आधी जेव. उपाशी मानसाशी मी भांडत न्हाय."

मी जेवले. आता भांडू म्हणून उठले, तर काकीने हात वर केला आणि एवढं धडधडणारं यंत्र गप झालं. डीजेवाला, नाचणारी पोरं, प्यायलेले काके-मामे, सगळे जागच्या जागी. काकी मांडवात जाऊन बसली. शेजारी तिच्यासारखीच आणखी एक, जराशी बारीक, तिची धाकटी बहीण पारू. तिला चेणे गावात दिली होती. काकीने डोळे मिटले आणि गायला लागली. एक ओळ काकीची, तीच ओळ पारू उचलून परत द्यायची. मी भांडायचं विसरले ते विसरलेच.

काकी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, पण लग्न खरं लावते ती धवलारीण. गावदेवी, वेताळ, विहिरीवरच्या आसरा, मिठागराच्या बांधावरचा देव, एकेकाला ती नाव घेऊन, जागा सांगून बोलावते आणि मांडवात बसवते. लग्न झालं की तितक्याच मानाने एकेकाला आपापल्या जागी परत पोचवते. त्याला म्हणायचं मांडव परतणं. तोवर मांडवाच्या खांबाला कुणी हात लावायचा नाही. आणि देव बसलेत त्या घरातल्या माणसाने मयताला जायचं नाही, मग कुणी कितीही जवळचं गेलेलं असो.

लग्नाबाहेर धवला म्हणायचा नाही, हा काकीचा दुसरा कायदा. "गुनगुनला तरी येतान ते," ती म्हणायची. "बोलावला का येतान. मंग बसवाचा कुठं? रिक्षान?"

देवांच्या जागा सांगून सांगून तिला एक खोड लागली होती. मीरा-भाईंदर बदलून कुठल्या कुठे गेलं, पण काकीच्या जिभेवर ते जुनंच. बँक कुठे आहे विचारलं तर, "गोविंदाच्या आगरान." दवाखाना? "कांतीच्या खाजनान, त्या खाऱ्या चिखलान." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जयेशभाई, फार टापटीप माणूस. त्यांनी एकदा हौसेने विचारलं, "काकी, अमारा बिल्डिंग किधर है, बोलो?" काकी म्हणाली, "तुमचा? तितं आमच्या म्हशी बसत." जयेशभाईंना ते कुणीतरी हिंदीत समजावलं. बिचारे आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आणि दुसरी खोड म्हणजे "हरकत न्हाय". काहीही विचारा, आधी तेच. काकी, गाडी इथे लावू का? हरकत न्हाय. काकी, तुमच्या अंगणात पापड वाळत घालू? हरकत न्हाय. मग घातलेल्या पापडांना नावं ठेवायची ते वेगळं. "यी पापर हायेत का चपला?" असं म्हणत निम्मे स्वतःच खायची. मी चिडले की म्हणायची, "राग येतंय तुना, बरा हाय. राग येनारी बाय घर सांभालते."

घर सांभाळणं म्हणजे काय ते तिला विचारावं. तिचं घर पाड्याच्या शेवटच्या रांगेतलं. मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आलेल्या, कौलं जाऊन पत्रे आलेले, पण अंगण तेवढंच ठेवलेलं. मुलगा भालचंद्र टेम्पो चालवायचा. दोन खोल्या वाढवू म्हणून तो कितीदा मागे लागला. ती म्हणायची, "नी मांडव कुठं घालशील? गच्चीन? देव काय लिफ्टनी येतान?"

त्या अंगणावरच गदा आली.

मेट्रोच्या गाड्या उभ्या करायचं, धुवायचं, दुरुस्त करायचं मोठं यार्ड आमच्या मागच्या मोकळ्या जागेत होणार, अशी आधी नुसती कुणकुण होती. मग खुंट्या मारल्या गेल्या. मग नकाशा आला. बिल्डिंगवाल्यांची झोप उडाली. रात्रंदिवस चाकांची करकर, झोतदिवे, भराव टाकला की पावसाचं पाणी कुठे जाणार? सोसायटीच्या सभेत नुसता गलका. कुणी म्हणतंय फ्लॅटचा भाव पडणार, कुणी म्हणतंय पोरांना झोप लागणार नाही. आमच्या सगळ्यांच्या काळज्या खऱ्या होत्या. पण आमची घरं जाणार नव्हती. पाड्याच्या शेवटच्या रांगेवरून मात्र यार्डाची भिंत जात होती. काकीचं घर सरळ तिच्याखाली.

तिला नकाशा दाखवला तेव्हा तिने कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "यो कागद कोनी काढला? त्यानी माजा दार बघितला का?"

जाहिरात निघाली की लोकांनी आपल्या हरकती नि सूचना येऊन सांगाव्यात. सुनावणीचा दिवस ठरला. मी काकीला पढवलं. खूप नका बोलू, घर जातंय एवढंच ठासून सांगा. तिने लग्नातलं ठेवणीतलं लुगडं नेसलं, नाकात नथ घातली. हॉल खचाखच भरलेला. तिची पाळी आली. ती माइकसमोर उभी राहिली आणि तो माइक किंचाळायला लागला. व्यासपीठावरचे साहेब सभ्य माणूस, खोटं का बोलू. म्हणाले, "आजी, माइक थोडा लांब धरला तर चालेल ना?"

आणि काकीने, सवयीने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "हरकत न्हाय."

हॉल हसला. काकीही हसली. मग ती बोलली. काय बोलली! दारापासून सुरू करून सासूने कुठे चूल मांडली, पोरी कुठल्या वाटेने सासरी गेल्या, देव कुठल्या बाजूने मांडवात शिरतात, सगळं. आगरी बोलीत, न थांबता. साहेबांना निम्मं कळलं नसावं. लिहिणारा पेन धरून तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

पुढे अहवालाचा सारांश प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लागला. जयेशभाईंनी तिथूनच मला फोन केला. "बेन, काकी का क्या लिखा है मालूम? पाड्यातील ज्येष्ठ महिला, हरकत नाही."

मी रिक्षा करून गेले. डोळ्यांनी वाचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीवरच्या माणसाला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या बोलल्या तेच लिहिलंय. आणि हरकतींची मुदत संपली." आम्ही लेखी दिलं. भालचंद्रने दिलं, सोसायटीने दिलं. ते कुठे पोचलं देव जाणे. एका वाक्याने काही झालं नसतं, यार्ड तसंही झालंच असतं, असं सगळे मला समजावत होते. असेल. पण आपलं घर पाडायला आपणच होकार दिला असं एखाद्या बाईला वाटावं, याला काय म्हणायचं?

काकीला सांगायची माझी छाती होईना. भालचंद्रने सांगितलं. ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "मी बोलली ते? माइकचा?" मग दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली. त्या दिवसापासून ते दोन शब्द तिच्या तोंडून गेले. कुणी काही विचारलं की ती आधी थांबायची, नीट बघायची, आणि मान तरी हलवायची नाहीतर उठून जायची. भांडणारी, टोमणे मारणारी बाई ती. तिला असं शब्द मोजताना बघून मला रडू यायचं.

मग मोर्चे झाले. आम्ही बिल्डिंगवाले आणि पाडेवाले पहिल्यांदा एकत्र बसलो, रस्त्यावर, घोषणा देत. मोबाइल घेऊन बातमीवाली मुलं आली. त्यांना कुणीतरी सांगितलं की ही आजी गाते. एक जण पुढे झाला. "आजी, आंदोलनासाठी एक पारंपरिक गाणं होऊन जाऊ दे!"

"लगीन कोनाचा हाय?" काकी म्हणाली.

"लग्न नाही, आजी. असंच."

"तुजा लावू का? पोरगी कुठं हाय?"

सगळे हसले. मुलगा लाजला. मी तिच्या कानात म्हटलं, काकी, गा ना, लोक बघतील, उपयोग होईल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "देवांना रस्त्यावर बसवू? नी पोलीस उठवतील त्यांना? आमाला उठवतान ते पुरे."

पुढचं सगळं भराभर झालं. मंजुरी आली. शेवटच्या रांगेतल्या लोकांना बदल्यात लांब कुठेतरी खोल्या मिळणार असं ठरलं. एकेकाने सही केली. भालचंद्रनेही केली. त्याला मी दोष देत नाही, त्याला पोरंबाळं आहेत. सही करून आला तेव्हा काकीने त्याला पाणी दिलं, आणि मग विचारलं, "निकीचा लगीन कुठून लावाचा?"

निकिता भालचंद्रची मुलगी. तिचं लग्न पुढच्या वर्षी करायचं चाललं होतं. काकीने हट्ट धरला, आत्ता करा, याच अंगणात करा. मुलाकडच्यांनी समजून घेतलं. घाईघाईने मांडव पडला. उंबराची फांदी आणून मेढ रोवली. आजूबाजूची दोन घरं तोवर भुईसपाट झाली होती, त्यांच्या विटांवर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

चेण्याहून पारू आली. दोघी बहिणी मांडवात बसल्या. काकीने देव बोलावले. मी आता इतक्या वर्षांत जागा ओळखायला शिकले होते. आसरांना बोलावलं तेव्हा मी विहिरीकडे बघितलं. तिच्यात राडारोडा पडला होता. बांधावरच्या देवाला बोलावलं, तिथे पत्र्याचं कुंपण. काकीच्या आवाजात मात्र तसूभर फरक नाही. सगळ्यांत शेवटी तिने घरातले मेलेले बोलावले. सासरे, सासू, नवरा, लहानपणी गेलेला एक दीर. त्यांना नावानिशी आत घेतलं, चुलीजवळ बसवलं, आणि त्यांच्यासाठी लग्नाचं पान वाढून ठेवलं.

निकिता वाजतगाजत सासरी गेली. दुसऱ्या दिवशी मांडव परतायचा. काकी उठलीच नाही.

"आये, मांडव परतवाचा हाय," भालचंद्र म्हणाला.

"न्हाय परतवाचा."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. देव बसलेत तोवर खांबाला हात लावायचा नाही. आणि देवांना उठवणार कोण? पंचक्रोशीत धवलारिणी उरल्यात किती? ज्या होत्या त्या काकीच्या हाताखाली शिकलेल्या, कुणी तिच्या मांडवात पाऊल टाकणार नव्हती. अहो, सगळे कागद, मोर्चे, नेते करून थकले आणि या बाईने घर चार बांबूंना बांधून ठेवलं!

घरं पाडायचं मशीन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं होतं. चालवणारा वसईकडचा आगरीच निघाला. मांडव बघून तो खाली उतरला, चपला काढल्या, नमस्कार केला, आणि मुकादमाला म्हणाला, "साहेब, यो मांडव मी न्हाय तोरनार. दुसरा मानूस आना." दुसरा आणला. तो उत्तरेकडचा, पण त्यालाही पहिल्याने काय सांगितलं कोण जाणे, तोही बसून राहिला. मुकादम हात जोडून म्हणाला, "आजी, मांडव उठला की कळवा." काकीने मान हलवली. हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

मी खुळ्यासारखी आनंदले होते. दिवस जात होते. मांडवाची पानं सुकली, पताका फाटल्या. काकी मेढीशी बसून असायची. पण घरात कुरबुर सुरू झाली. मांडव परतल्याशिवाय निकिताला माहेरी आणता येईना. सुनेच्या माहेरी कुणी आजारी होतं, तिचा जीव टांगणीला. भालचंद्र म्हणाला, "आये, किती दिवस?" ती म्हणाली, "ते थकतील तवर." मी तिला डबा घेऊन गेले तर हळूच मला विचारलं, "गो, ते थकतान का?" मी म्हटलं, थकतील की. माझं मलाच ते खोटं ऐकू आलं.

एका सकाळी भालचंद्रचा फोन वाजला. मी तिथेच होते, चहा देत होते. तो ऐकत राहिला आणि आईकडे बघेना. काकीने विचारलं, "कोन?"

"चेण्याशी हाय. मावशी गेली."

पारू चहा करता करता खाली बसली आणि गेली, एवढंच. काकीने हाताने मेढ चाचपली. देव बसलेल्या घरातली ती. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायला जायचं नाही. जायचं तर मांडव परतायला हवा, आणि मांडव परतला तर गल्लीच्या तोंडाशी मशीन उभं आहे.

मी म्हटलं, "काकी, जा तुम्ही. आम्ही बसतो इथे. कायदा एक दिवस बाजूला ठेवा ना. आम्ही सांगणार नाही कुणाला."

"कोनाला सांगनार न्हाय?" ती म्हणाली. "ते बसलेन नं हितं. त्यांना दिसतंय."

तिचाच नियम होता. त्याच नियमावर तिने इतके दिवस मशीन थोपवून धरलं होतं. तो आज स्वतःसाठी मोडला असता तर उद्या कुणी कशाला पाळला असता? मला हे तेव्हा कळलं, आणि मी तिच्यापुढे हात जोडून उभी राहिले. दुसरं काय करणार?

ती उठली. तोंड धुतलं. तेच ठेवणीतलं लुगडं नेसली. भालचंद्र, त्याची बायको, मी, पाड्यातल्या चार-सहा जणी, आणि मागे मशीनवाला, चपला काढून. काकीने मुठीत अक्षता घेतल्या आणि एकेका देवाला निरोप द्यायला सुरुवात केली. एक ओळ म्हणून ती थांबली. ती ओळ पारूने उचलायची असते. कुणी उचलली नाही. काकीने तिचीही ओळ म्हटली. मग पुढची, परत थांबली, परत तिची. अशी दोघींचं एकटी म्हणत गेली. मी उचलली असती, पण मला ते शब्दही धड येत नव्हते. आसरांना विहिरीवर जा म्हणाली, बांधावरच्याला बांधावर जा म्हणाली. कुठली विहीर, कुठला बांध! तरी प्रत्येकाला त्याची जागा नीट सांगितली, आणि अक्षता टाकल्या.

मग अचानक थांबली. उरलेल्या अक्षता मेढीच्या बुडाशी ठेवल्या आणि पदर खोचला. "चल भालू, टेम्पो काढ."

सुनेने घाबरून माझ्याकडे बघितलं. मीच पुढे झाले. "काकी, घरातले राहिले. सासरे, सासूबाई... त्यांना नाही उठवलं तुम्ही."

"न्हाय उठवला. देव गेले सगले. यी घरचीच मानसा."

"मग?"

टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून तिने मागे बघितलं. घराकडे नाही, माझ्याकडे. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि आवाज मात्र साधा होता, रोज मला जेव म्हणताना असायचा तसा.

"लग्नाचा पान वाढलाय मी त्यांना. जेवतान ते. जेवत्या मानसाला ऊठ कसा सांगू, गो?"

भालचंद्रने तिला आत बसवलं. टेम्पो चेण्याच्या रस्त्याला लागला. मशीनवाल्याने बराच वेळ चपला घातल्या नाहीत, मुकादमाने दोनदा हाक मारल्यावर घातल्या. मी दारातून आत चुलीकडे बघत उभी होते. मागे मशीन सुरू झालं.